क्लास मागे जात नाही

३ एप्रिल, सोमवार

ही वही ग्रीतने दिली. वाढदिवसाला मुली बापाला स्वेटर देतात, निदान बिअरची पेटी तरी देतात. माझ्या मुलीने वही दिली आणि वर म्हणाली, "बाबा, आमच्यावर ओरडण्याआधी यात ओरडून घेत जा." बरं. ओरडतो.

आज कारणही सज्जड आहे. नगराध्यक्षांनी आमचा क्लास, गावच्या मिरवणुकीत नाचणारा आमचा उंच पुतळा, सिनेमावाल्यांना देऊन टाकला. विचारलं नाही, नुसतं कळवलं. "आशिल, गावाचं नाव होईल," म्हणे. गावाला नाव आहे. लिंडरखेम. वेशीवर पाटी लावलीय, वाचता येत असेल तर वाचा.

सिनेमा लहान मुलांचा आहे. दोन भावंडं बिअरच्या भट्टीच्या तळघरात घसरतात ती थेट मध्ययुगातल्या कुठल्याशा राज्यात जाऊन पडतात. तिथल्या राजाने काळ अडवून ठेवलाय आणि घरी परतायची वाट फक्त एका महाकायाला ठाऊक आहे. तो महाकाय म्हणजे आमचा क्लास. गोष्टीचं बाड मी वाचलं. सातव्या पानावर राजाच्या ताटात बटाटे आहेत. मध्ययुगात बटाटे! आग्नेसला वाचून दाखवलं तर बायको माझी बाजू घेईल की नाही? म्हणते कशी, "पोरं तळघरातून सातशे वर्षं मागे जातात ते तुला चाललं, आणि बटाटे नाही चालले?"

हे पेन भिकार आहे. अक्षर बारीक बारीक होत चाललंय. वहीच्या ओळीही अरुंद आहेत. ग्रीतने स्वस्तातली उचलली असणार.

११ एप्रिल, मंगळवार

सिनेमाची दिग्दर्शिका आली. इल्का नाव, गेंट शहरातली. पिवळी टोपी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. तिला क्लासच्या शेडमध्ये नेलं. साडेचार मीटर उंची, वेताचा सांगाडा, लाकडी डोकं, तांबटाचा चामडी एप्रन, वजन पंच्याऐंशी किलो. आत एकच माणूस मावतो. त्याच्या खांद्यांवर चामडी पट्टा, डोळ्यांसमोर एप्रनमधली वीतभर फट. बाहेरून त्या माणसाची फक्त पावलं दिसतात, क्लासच्या घेराखाली. एकतीस वर्षं ती पावलं माझी आहेत. माझ्या आधी मधली काही वर्षं ओदीलकाकांची होती, त्याच्या आधी बाबांची.

बाईने वर बघितलं आणि ती गप्प झाली. तेवढ्यापुरती मला आवडली. मग बोलायला लागली.

"शेवटचा प्रसंग असा आहे, आशिल. अख्खं गाव काळात मागे मागे वाहतंय. माणसं उलटी चालतायत, धूर वरून खाली चुलीत शिरतोय. आणि एकटा क्लास त्या सगळ्यातून सरळ पुढे चालतोय, मुलांना घरी सोडायला."

"छान आहे," मी म्हणालो. "पुढेच चालतो तो."

"हो, पण ते आपण उलटं टिपणार. त्या दिवशी गाव नेहमीसारखं सरळ चालेल. क्लास तेवढा मागे मागे चालेल. मग ती फीत उलटी फिरवली की गाव उलटं आणि क्लास सुलटा." तिने फोनवर कॉफी दाखवली, कपातून उडी मारून किटलीत जाणारी. कॉफीचं मला काही पडलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"क्लास मागे जात नाही."

ती हसली. "एकदाच हो. चर्चच्या दारापासून पुलापर्यंत. ऐंशी पावलं."

"ऐंशी नाही आणि एकही नाही. तुमच्या गर्दीला शिकवा उलटं चालायला."

"दोनशे माणसं आहेत. शिवाय धूर आहे, बदकं आहेत. बदकं उलटी चालत नाहीत, आशिल."

"क्लासही नाही चालत."

तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. गंमत! अठ्ठ्याण्णव सालच्या मिरवणुकीत पावाची गाडी गल्लीत आडवी लागली होती आणि ड्रायव्हर कुठेतरी जेवायला गेलेला. क्लास चाळीस मिनिटं तिथे उभा राहिला, मी आत. बँडवाल्यांनी तेच गाणं अठरा वेळा वाजवलं. शेवटी आठ जणांनी गाडी उचलून बाजूला ठेवली. पण क्लास एक पाऊल मागे सरला नाही. फार पूर्वी शत्रूचं सैन्य वेशीशी आलं तेव्हा म्हणे तो एक पाऊल मागे सरकला होता, आणि त्याच दिवशी भट्टी जळाली, सोबत अर्धं गाव. दर वर्षी शाळेतल्या पोरांना मी हे सांगतो. पोरं श्वास रोखून ऐकतात. आणि ही बाई मला कॉफी दाखवते.

१५ एप्रिल, शनिवार

मंडळाची बैठक झाली. आम्ही नऊ जण आहोत क्लासच्या मंडळात. मी पहिला गडी, ग्रीत दुसरी. मिरवणुकीत आत मी, बाहेरून आधाराला ती. पोरगी छपरं शाकारते, वाऱ्यात शिडीवर उभी राहते, तिच्या तोलाला नाव ठेवायला जागा नाही. ही गोष्ट मी तिच्या तोंडावर कधी बोललेलो नाही, इथे लिहून ठेवतो.

मी सांगितलं, क्लास मागे जात नाही, विषय संपला. सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. आणि ग्रीत उभी राहिली.

"मी जाते मागे," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"तुला चालायचं नसेल तर नको चालूस, बाबा. त्या दिवसापुरता पट्टा मी लावते."

तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात पट्टा मागायचा नसतो. मंडळाचा हा एकच कायदा आहे, लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही. पहिला गडी स्वतःच्या हाताने देईल तेव्हाच घ्यायचा. तोवर कोणी विचारायचं नाही, सुचवायचंही नाही. ओदीलकाका साठीला आले तेव्हा त्यांनी आपण होऊन माझ्या मांडीवर ठेवला. आणि माझी मुलगी अख्ख्या मंडळासमोर मागते! मी म्हणालो, "मागतेस?" "नाही," म्हणाली आणि बसली.

कोणी माझी बाजू घेतली नाही. कोणी तिचीही घेतली नाही.

परत येताना चौकातल्या गाडीवर तळलेले बटाटे घेतले. कसला वास नाही, कसली चव नाही. गाडीवाल्याला म्हटलं, "चरबी बदललीस काय रे?" म्हणे, चाळीस वर्षं तीच आहे. खोटारडा.

२३ एप्रिल, रविवार

वसंतातला सराव. चौकातल्या दगडी फरशीची नगरपालिकेने वाट लावलीय. एका ठिकाणी पाऊल अडकलं ते निघेचना. जणू कोणी बूट खालून धरून ठेवलाय. क्लास पुढे झुकला. ग्रीतने बाहेरून सांगाडा धरला. तिला धरायला कोणी सांगितलं होतं? मी आतून ओरडलो, "हात काढ!" तिने काढला नाही.

घरी येऊन नगरपालिकेला पत्र लिहिलं: फरशी उंचसखल आहे, कोणीतरी मरेल. आग्नेस माझ्या शर्टाची बटणं काढत होती. नव्या शर्टांची काजं फार लहान करतात हल्ली, माणसाने घालायचे कसे. ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी तिच्याशी जेवेपर्यंत बोललो नाही. मग मीठ मागावं लागलं.

२ मे, मंगळवार

आज जे झालं ते चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातलं.

इल्काने मंडळाला दारू पाजायला बोलावलं. ग्लासं भरली आणि म्हणाली, शाळेच्या कपाटात तुमच्या गावची जुनी फिल्म सापडलीय. भिंतीवर लावली. अठ्ठावन्न सालची मिरवणूक, मुकी, काळी-पांढरी. चर्चचं दार, बँड, टोप्या घातलेली माणसं. आणि क्लास. तेच डोकं, तोच एप्रन. चर्चच्या दाराशी तो आला, थांबला. आणि एक, दोन, तीन पावलं मागे गेला. वाकला. मग नाचत पुढे आला.

मी उठून उभा राहिलो.

"उलटी लावलीय," मी म्हणालो.

"नाही हो, आशिल."

"तुमचा धंदाच तो. कॉफी किटलीत घालता, तसा क्लास मागे घातलात. मला अडाणी समजता काय?"

ग्रीत म्हणाली, "बाबा, बस ना."

मी कोट उचलला. बाही सापडेना, तसाच खांद्यावर टाकून निघालो. दारात म्हणालो, मेलेल्या माणसांना उलटं चालवता, लाज वाटत नाही? मागून कोणीतरी हसलं. की खोकलं. मला तेव्हा हसल्यासारखंच वाटलं.

६ मे, शनिवार

चार दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं. आज सकाळी त्या बाईच्या हॉटेलात गेलो. म्हटलं, पुरावा मीच देतो, मग तोंड वर काढू नका.

"परत लावा," मी म्हणालो. "फीत उलटी असेल तर लपत नाही."

तिने मला खुर्ची दिली, कॉफी दिली. कप अर्धाच भरला होता तिने. माझा हात बघून असेल. मला राग आला, पण सांडली नाही हे खरं.

मी क्लासकडे बघितलंच नाही, गर्दीकडे बघितलं. कोपऱ्यात एक जाडी बाई बिअर पीत होती. ग्लास भरत जातो की रिकामा होतो, एवढंच बघायचं. रिकामा होत गेला. सॉसेज भाजणाऱ्याचा धूर वर गेला, खाली आला नाही. एक कुत्रं समोर आलं, तोंड पुढे, शेपूट मागे. तरीही क्लास मागे गेला. तीन पावलं.

मग मी घेराखाली बघितलं. पावलं. डाव्या बुटाला मागे लोखंडी नाल. बाबांचे बूट. लहानपणी ते मी दर शनिवारी घासायचो.

"थांबवू का?" इल्काने विचारलं.

मी म्हटलं, "किती छान मागे जातात." मग मलाच माझी शरम वाटली आणि मी तिच्यावर ओरडलो की कॉफी कडू आहे.

७ मे, रविवार

ओदीलकाकांकडे गेलो. वृद्धाश्रमात असतात, एक्याण्णव वर्षांचे. कान गेले, जीभ शाबूत आहे. बाबांच्या वेळी ते दुसरे गडी होते.

विचारलं, "काका, क्लास मागे जायचा?"

"जायचा की. चर्चपाशी तीन पावलं. पाद्रीबुवांना मुजरा."

"मग बंद कधी झालं?"

"त्रेसष्ट." एवढं म्हणून ते खिडकीकडे बघायला लागले. मी हलत नाही म्हटल्यावर बोलले. "पोरा, तुझा बाप मागे पाऊल टाकायला गेला की ओंडक्यासारखा पाठीवर पडायचा. पुढे चालला की ठीक. शेडमध्ये दोनदा पडला. तिसऱ्यांदा आम्ही झेलला. त्या सालच्या मिरवणुकीआधी म्हणाला, यापुढे क्लास मागे जाणार नाही. काय बोलणार आम्ही? पट्टा त्याच्याकडे."

"आणि ती शत्रूची गोष्ट? भट्टी जळाल्याची?"

काका हसले. दात नाहीत, तरी सगळं तोंड हसलं. "ती मी रचली, गुत्त्यात बसून. लोक विचारायला लागले ना, मागे का जात नाही म्हणून. काहीतरी सांगायला नको? चांगली जमलीय की नाही?"

एकतीस वर्षं मी शाळेच्या पोरांना ओदील द वाख्तरची गुत्त्यातली थाप सांगतोय! आणि पोरं श्वास रोखून ऐकतात! मी उठलो. म्हटलं, "तुम्ही सगळे मिळून एका आजारी माणसाला एवढं वजन उचलू दिलंत?"

"आणखी सहा वर्षं," काका म्हणाले. "आम्ही दोन्ही बाजूंनी चालायचो, हाताच्या अंतरावर. त्याला वाटायचं आम्ही त्याच्या मानासाठी चालतो."

बाबांना काय झालं होतं हे घरात कोणी कधी बोललं नाही. शेवटची वर्षं ते खुर्चीत असत. आई म्हणायची, थकलेत.

९ मे, मंगळवार

शेडमध्ये गेलो होतो, क्लासच्या एप्रनला तेल लावायला. पाय घसरून पडलो. जमिनीला कोणीतरी मेण चोपडून ठेवलंय. मंडळाच्या मूर्खांपैकीच कोणीतरी. डोक्याला टेंगूळ आलंय, कोपर सोललंय. आग्नेसला सांगितलं, फरशीचा दोष. तिने डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद फ्रिजवर लावला आणि सूप गरम करायला गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वर लिहिलंय ते खोटं आहे. स्वतःच्या वहीत खोटं लिहायची वेळ आली म्हणजे झालंच.

मेण नव्हतं. फरशी कोरडी होती. तेल लावायलाही गेलो नव्हतो. दार आतून लावलं आणि रिकाम्या शेडमध्ये उभा राहिलो. पट्टा नाही, वजन नाही, काही नाही. म्हटलं तीन पावलं मागे जाऊन बघू. पहिलं गेलं. दुसऱ्याला टाच उचललीच गेली नाही, अंग मात्र मागे गेलं. धरायला काही नव्हतं. छताचे वासे दिसले आणि मग क्लासचं तोंड, खालून. इतका वेळ त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. नाकाचा रंग उडालाय.

उठायला किती वेळ लागला ते लिहीत नाही. कोणावर ओरडावं हेही कळेना, म्हणून क्लासवर ओरडलो.

१४ मे, रविवार

ग्रीत जेवायला आली. ससा शिजवला होता आग्नेसने, आलुबुखार घालून. माझ्या ताटातला ससा ग्रीतने कापून दिला, बोलता बोलता, जणू काही आपल्याच ताटात कापतेय. आज माझ्या लक्षात आलं की ती हे आज पहिल्यांदा करत नाहीये.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

सुरी थांबली. "मागच्या मिरवणुकीपासून. तू पुलावर थांबलास ना. लोकांना वाटलं नाचातच थांबलास, टाळ्या वाजवल्या. मला तुझी पावलं दिसत होती, बाबा. ती निघायला बघत होती आणि निघत नव्हती."

"मग बोलली का नाहीस? आठ महिने! तोंड नाही तुला?"

"बोलणं म्हणजे मागणंच झालं असतं." आणि मग तीही ओरडली, माझीच मुलगी ती. "काय करायला हवं होतं मी? तू क्लाससकट पालथा पडेपर्यंत बाजूला उभं राहायचं होतं? त्या बाईने मागे चालायचं काढलं तेव्हा वाटलं, देवच पावला! यासाठी तू स्वतः नको म्हणशील, आणि एकदा सोडलास की... मला वाटलं, असा तुझा मानही राहील."

"मान गेला खड्ड्यात!" मी म्हणालो. "माझ्या बापाचा मान राखला सगळ्यांनी. त्याला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, मान राखला!"

आग्नेस म्हणाली, "सूप उतू जातंय." सूप नव्हतंच आज. पण ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी गॅरेजमध्ये गेलो. पट्टा घरीच असतो, खिळ्याला. आणला आणि ग्रीतच्या मांडीवर ठेवला. ती दोन्ही हातांनी धरून बसली. मी म्हणालो, "रडू नकोस. चामडं भिजतं."

ती म्हणाली, "तू नको रडूस मग."

मला इतका राग आलाय की काय सांगू. बाबांवर, काकांवर, मंडळावर, त्या कायद्यावर. पट्टा देताना मला वाटलं होतं हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही. खिळा रिकामा दिसतो.

२४ मे, बुधवार

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला खोलीत चालायला लावलं, बोटं टेकवायला लावली, मग माझ्या मागे उभं राहून खांदे धरून जरासं मागे ओढलं. मी त्यांच्या अंगावर गेलो. "चालताना मोजता का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, मी सायकली दुरुस्त करायचो, पावलं नाही मोजत. म्हणाले, मोजा, मोठ्याने मोजा, पाय ऐकतात. शहाणे आहेत. रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहिणार नाही. औषध दिवसातून तीनदा.

येताना आग्नेसने माझ्या कोटाची बटणं लावली, भर रस्त्यात. लावू दिली.

३ जून, शनिवार

ग्रीतचा मागे चालायचा सराव. हाहाकार. आतून मागचं काही दिसत नाही. फटीतून समोरचं तेवढं दिसतं. दहाव्या पावलाला क्लास सरळ पाणपोईवर चालला होता. मंडळाचे चौघे चार दिशांनी ओरडत होते, "डावीकडे! अगं तुझं डावं!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी मला राहवेना. क्लासच्या समोर जाऊन उभा राहिलो, जरा बाजूला सरकून, म्हणजे त्याच्या कडेने मागचा पूल दिसतो आणि तिला फटीतून मी दिसतो.

"सगळे गप्प!" म्हणालो. "ग्रीत, फक्त माझ्याकडे बघ. डावं मागे. एक. उजवं मागे. दोन."

ऐंशीच्या ऐंशी पावलं झाली. पाणपोई वाचली.

इल्का म्हणाली, "चित्रीकरणाच्या दिवशीही तुम्हीच लागाल. पण तुम्हाला लपवायला जागा नाही. मध्ययुगाचे कपडे घालून गर्दीतलेच एक व्हा."

मी म्हणालो, "बटणं असली तर घालणार नाही."

"मध्ययुगात होती का बटणं?" तिने विचारलं. बाई शिकतेय. तिला सांगितलं, दोरीच बरी, आणि राजाच्या ताटातले बटाटे काढा. तिने काढले. सलगम ठेवले.

१० जून, शनिवार

झालं. पाचव्यांदा झालं. पहिल्या वेळी बदकं नदीत गेली. दुसऱ्या वेळी राजाच्या एका शिपायाच्या खिशात फोन वाजला. तिसऱ्या वेळी मीच एक शिवी दिली, ती सगळ्या चौकाला ऐकू गेली. इल्का म्हणाली, आवाज घेत नाही आपण, शिवी चालेल, पण मुलं हसली. ती दोन भावंडं झालेली मुलं क्लासच्या घेराला धरून उलटी चालत होती, हसून हसून त्यांचे हात सुटले. चौथ्या वेळी ढग आला.

पाचव्या वेळी चर्चची घंटा वाजली आणि सगळं गाव चालायला लागलं, दोनशे माणसं, बदकं, धूर. क्लास त्यातून मागे निघाला आणि मी त्याच्यामागोमाग, म्हणजे त्याच्यासमोर, पुढे पुढे.

"एक! दोन! टाच आधी! तीन!" सबंध वेळ ओरडत होतो. माझी पावलंही त्याच तालात पडत होती. एकदाही फरशी अडकली नाही.

आणि वर बघितलं. एकतीस वर्षं मी त्याच्या पोटात होतो. क्लास चालताना कसा दिसतो हे मी पार विसरलो होतो, सरावातही माझी नजर पाणपोईवर होती. मान जरा उशिरा वळते. हात झुलतात, उजवा जास्त. ग्रीतच्या पावलात वजन आहे आणि घाई नाही. बाबांच्यात जे होतं ते. माझ्यात ते कधी नव्हतं, मी नेहमी घाई करायचो, आज दिसलं. कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं मला. साऱ्या गावाने दर वर्षी बघितलं आणि मला एकट्याला दाखवलं नाही, याचा मला आज फार राग आला आणि मी आणखी मोठ्याने ओरडलो, "एक्काहत्तर! बहात्तर!"

फटीतून तिचे डोळे दिसत होते. ती फक्त माझ्याकडे बघत होती.

१२ जून, सोमवार

इल्काने आज तो तुकडा दाखवायला बोलावलं. तिच्या हॉटेलातली खोली, छोटा पडदा. मी, आग्नेस, ग्रीत. ओदीलकाकांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं, त्यांनीच हट्ट धरला म्हणून. मी त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही. पण खुर्ची मी ढकलली.

तिने फीत उलटी लावली.

गाव मागे वाहायला लागलं. माणसं उलटी चालत होती, धूर चुलीत शिरत होता, बदकं शेपट्यांकडून पुढे येत होती. काका म्हणाले, "अरे, बदकं बघा!" आणि त्या सगळ्यातून क्लास सरळ पुढे येत होता, मुलं त्याच्या घेराला धरून. ग्रीत आग्नेसचा हात धरून बसली होती.

पण मी क्लासकडे बघत नव्हतो. क्लासच्या समोर एक म्हातारा होता, तपकिरी टोपी, कमरेला दोरी. तोंड क्लासकडे, पाठ चर्चकडे. तो मागे चालत होता. टाच उचलली जात होती, टाच टेकत होती. हात झुलत होते. दहा पावलं, वीस पावलं. चाळिसाव्या पावलाला तो फरशीच्या उंच कडेवर मागच्या मागे चढला, बघितलंही नाही.

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. वाटत होतं, आता पडेल. आता पडेल.

ऐंशी पावलं. चर्चच्या दारापर्यंत.

"कसं वाटलं?" इल्काने विचारलं.

काका म्हणाले, "हा तर याचा बाप."

"बाप नाही," मी म्हणालो. "मी आहे तो. परत लावा."